वळीव, दहिवर आणि दवबिंदू: नववीच्या भूगोलातल्या बारा शब्दांचं प्रकरण

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पूर्वेला, घाटमाथ्यापासून बऱ्याच आत असलेल्या एका कोरडवाहू तालुक्यातली मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. नववीच्या तुकडीत ४१ मुलंमुली, बहुतेक शेतकरी कुटुंबातली. शाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत. काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत.

विषय भूगोलाचा. बालभारतीच्या २०१७ साली आलेल्या नववीच्या पुस्तकात ‘वृष्टी’ नावाचा पाठ आहे. त्याआधी आठवीत ‘आर्द्रता व ढग’ झालेला असतो. म्हणजे बाष्पीभवन, सांद्रीभवन (बाष्पाचं पुन्हा पाणी होणं), सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकेल त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात किती बाष्प आहे ते प्रमाण) हे शब्द मुलांना नवे नसतात, निदान तसं गृहीत धरलेलं असतं. या शाळेतली पद्धत नेहमीचीच होती. बाई पाठ वाचत, मुलं नवे शब्द अधोरेखित करत, वहीच्या मागच्या पानांवर शब्द आणि अर्थ अशा दोन रकान्यांची यादी होई. ‘वृष्टी’च्या यादीत ३१ शब्द होते. पाठ संपला की दहा गुणांची चाचणी: जोड्या लावा ४ गुण, रिकाम्या जागा ३, व्याख्या ३.

अडचण

चाचणीत गुण चांगले पडले. चार जोड्या जवळजवळ पाऊण वर्गाच्या बरोबर होत्या. पुढच्याच तासाला बाईंनी सहज विचारलं, “आपल्या तालुक्यात पाऊस कमी का?” उत्तरं आली: झाडं तोडली म्हणून, प्रदूषण वाढलं म्हणून, देव रुसला म्हणून. ‘पर्जन्यछाया’ (पावसाचे वारे डोंगराने अडवल्यामुळे त्याच्या पलीकडच्या बाजूला राहणारा कमी पावसाचा पट्टा) हा शब्द एकाच्याही तोंडून आला नाही. आणि हीच मुलं पर्जन्यछायेच्या प्रदेशाची व्याख्या स्वल्पविरामासकट घडाघडा म्हणून दाखवत होती. ती स्वतः त्याच प्रदेशात राहतात, हे त्या व्याख्येतून त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

बाईंनी उत्तरपत्रिका पुन्हा काढून पाहिल्या आणि शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांनाही दाखवल्या. दोघांच्या नजरेत तीन गोष्टी आल्या.

पहिली चाचणीतच होती. डावीकडे चार शब्द आणि उजवीकडे चारच अर्थ असले, तर तीन येणाऱ्याला चौथा फुकट मिळतो. दोनच येत असले, तरी उरलेले दोन नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता निम्मी असते. वर व्याख्येची वाक्यं पुस्तकातलीच. ‘विरुद्ध बाजू’ एवढं दिसलं की मुलं ‘पर्जन्यछाया’कडे रेघ ओढत. शब्द माहीत असायची गरजच नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे आणि मराठीतून शास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने तिच्याकडे पाहायला हवं. आपले पारिभाषिक शब्द अनोळखी असतात म्हणून अवघड जातात, असं आपण समजतो. इथे उलट होतं. शब्द ओळखीचे वाटत होते आणि तिथेच घात होत होता. ‘दवबिंदू’ म्हणजे दवाचा थेंब, हे कवितांमधून पक्कं बसलेलं. भूगोलात मात्र तो थेंब नसून एक तापमान आहे: हवा थंड होत होत ज्या तापमानाला बाष्पाने संपृक्त होते, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावत नाही, ते. ‘पर्जन्यछाया’ म्हणजे पावसाळी ढगांची सावली असं सात-आठ जणांनी लिहिलं होतं. तसं वाटलं तर जास्त पावसाचा प्रदेश असा नेमका उलटा अर्थ निघतो. आणि ‘बाष्पीभवन’बद्दल मागच्या बाकावरून प्रामाणिक प्रश्न आला होता: “बाई, भवन म्हंजी बिल्डिंग न्हवं का? पंचायत भवन असतंय तसं?” वर्ग हसला होता आणि प्रश्न तसाच राहिला होता.

तिसरी गोष्ट सरळ होती. सात तासिकांत ३१ शब्द म्हणजे तासाला चारहून जास्त. एवढ्यात शब्द लिहून घेण्यापलीकडे काही होत नाही.

समोरचे पर्याय

वही कडक करायची, रोज दहा शब्दांचं पाठांतर घ्यायचं, हा पहिला पर्याय. कष्ट कमी आणि पालकांना दिसतोही. पण पाठांतर आधीच उत्तम होतं. जे कमी नव्हतं तेच वाढवून काय मिळणार?

दुसरा पर्याय काही पालकांनी सुचवला: इंग्रजी शब्द द्या, पुढे अकरावीला तेच लागणार. यात तथ्य आहे. प्रेसिपिटेशन, कन्डेन्सेशन हे शब्द मुलांना कधीतरी लागतीलच. पण ज्याला सांद्रीभवन कळलं नाही, त्याला कन्डेन्सेशन म्हटल्याने ते कळत नाही. फक्त न कळलेले शब्द एकाचे दोन होतात. बाईंनी इंग्रजी शब्द पाठाच्या शेवटी, अर्थ बसल्यावर द्यायचं ठरवलं.

तिसरा पर्याय मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषांचा. निम्म्याहून अधिक घरांत एकच फोन आणि तो वडिलांसोबत शेतावर. शिवाय त्यातले बहुतेक प्रश्न पुन्हा ‘योग्य पर्याय निवडा’ छापाचेच. हा पर्याय लगेच सोडला.

चौथा पर्याय होता शब्द कमी करून प्रत्येक शब्दावर जास्त वेळ द्यायचा. मुख्याध्यापकांची शंका रास्त होती: “गाळलेला शब्द परीक्षेत आला तर?” त्यावर तोडगा असा निघाला की गाळायचं काहीच नाही. ३१ शब्दांचे तीन गट केले. १२ शब्द ‘कामाचे’: ज्यांच्याशिवाय पाठातलं कारण सांगताच येत नाही. ९ शब्द ‘ओळखीचे’: वाचताना अर्थ लागला तरी पुरे. उरलेले १० मुलांना आधीच येत होते (गारा, हिम, ढग वगैरे) आणि यादीत उगाच गर्दी करत होते.

कामाचे बारा असे: वृष्टी, बाष्पीभवन, सांद्रीभवन, सापेक्ष आर्द्रता, दवबिंदू, आरोह पाऊस, प्रतिरोध पाऊस, आवर्त पाऊस, पर्जन्यछाया, दव, दहिवर, धुके. ही निवड करताना एकच कसोटी लावली. शब्द काढून टाकला तर ‘का?’ या प्रश्नाचं उत्तर अडतं का? अडत असेल तर तो शब्द ठेवायचा.

काय केलं

पाठ त्याच तुकडीला सहा तासिकांत पुन्हा घेतला.

आधी तपासणी. पहिल्या तासाला दहा मिनिटांचा एक तक्ता दिला. प्रत्येक शब्दापुढे चार खाने: कधी ऐकला नाही, ऐकलाय पण अर्थ माहीत नाही, अंदाजाने अर्थ सांगता येईल, दुसऱ्याला समजावून सांगता येईल. शब्दाच्या ओळखीच्या अशा चार पायऱ्या एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९६५ साली मांडल्या होत्या आणि वर्गात त्या अजून उपयोगी पडतात. अडचण एवढीच की मुलं स्वतःला वरच्या पायरीवर बसवतात. म्हणून यादीत दोन खोटे शब्द घातले: ‘प्रतिबाष्पन’ आणि ‘अनुवृष्टी’. वर्गातल्या बऱ्याच जणांनी त्यांच्याहीपुढे ‘अंदाजाने सांगता येईल’वर खूण केली. ही युक्ती करताना एक पथ्य पाळायलाच हवं. खोटे शब्द त्याच तासाला उघड करायचे, फळ्यावर लिहून त्यांवर काट मारायची. नाहीतर तेच लक्षात राहतात.

शब्दाची फोड. दुसरा तास भूगोल आणि मराठीच्या शिक्षकांनी मिळून घेतला. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर शब्दांचे तुकडे लिहिले: बाष्प, सांद्र, घन, नागर, निर्जंतुक, आणि वेगळ्या रंगात -ईभवन, -ईकरण. आठ गटांना प्रत्येकी १२ पत्ते.

‘भवन’चा प्रश्न इथे सुटला. संस्कृतात ‘भू’ म्हणजे होणे, त्यावरून भवन म्हणजे होण्याची क्रिया. मधला ‘ई’ सांगतो की जे आधी तसं नव्हतं ते आता तसं झालं. सांद्र म्हणजे दाट. विरळ बाष्प दाटून पाणी होणं ते सांद्रीभवन. आपोआप होतं ते ‘-ईभवन’, कुणीतरी करतं ते ‘-ईकरण’: नागरीकरण, निर्जंतुकीकरण. मुलांना ही किल्ली फार आवडली. दोन दिवसांत एका गटाने आधीच्या पाठातलं ‘भस्मीकरण’ (खडकातलं लोह गंजणं) शोधून आणलं आणि विचारलं, दगडाला कोण गंजवतं? प्राणवायू, असं उत्तर देता आलं. पण हा नियम सगळीकडे लागत नाही, हे तेव्हाच सांगून ठेवलेलं बरं.

‘वृष्टी’ला ‘पुष्पवृष्टी’ जोडली. त्यामुळे वृष्टी म्हणजे पाऊसच नव्हे, वरून पडणं महत्त्वाचं, हे एका शब्दात पोचलं. ‘अतिवृष्टी’ तर घरोघरी माहीत. २४ तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईचे पंचनामे होतात, हे मुलांनीच सांगितलं. ‘प्रतिरोध’साठी शाळेसमोरचा गतिरोधक होताच: रोध म्हणजे अडवणं. ‘आवर्त’साठी कालव्याचं आवर्तन. शेतकऱ्याच्या घरात हा शब्द रोजचा: पाण्याची पाळी फिरून येते ते आवर्तन, आणि हवा केंद्राभोवती गरगर फिरते ते आवर्त.

इथेच एक चूक झाली. ‘आरोह’ म्हणजे वर चढणं, हे भजनी मंडळातल्या पेटीवरून मुलांना चटकन समजलं. आणि पुढच्या तासाला अर्ध्या वर्गाने लिहिलं: ‘वारे डोंगर चढतात म्हणून आरोह पाऊस पडतो.’ फोड बरोबर, निष्कर्ष चुकीचा. हवा तिन्ही प्रकारांत वर जाते. तशी ती गेल्याशिवाय पाऊसच नाही. फरक आहे तो ती का वर गेली यात. जमीन तापली म्हणून गेली तर आरोह, डोंगर आडवा आला म्हणून गेली तर प्रतिरोध, कमी दाबाच्या केंद्राकडे गरगरत जाऊन वर ढकलली गेली तर आवर्त. शब्दाची फोड दारापर्यंत आणून सोडते, आत नेत नाही. त्यानंतर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा प्रश्न लिहिला गेला: ‘हवा वर का गेली?’

घरचे शब्द. एका संध्याकाळचं काम दिलं: घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला पावसाचे, ढगांचे, दव-धुक्याचे जेवढे शब्द माहीत आहेत तेवढे लिहून आणा. वळीव, झड, भुरभुर, सर, मळभ, आभूट, उघडीप, धुई, दहिवर, आभाळ फाटणं असे पन्नासच्या आसपास शब्द आले. कुणी नक्षत्रं आणली. त्यातल्या ‘आर्द्रा’वरून ‘आर्द्रता’ आपसूक उलगडली: आर्द्र म्हणजे ओलं. ‘वाफसा’ही आला. तो या पाठात बसत नव्हता, पण पेरणीजोगी ओल आणि हवा दोन्ही मातीत असल्याची अवस्था इतक्या नेमकेपणाने सांगणारा शब्द यादीतून काढायचं कुणाच्या मनात येईना. तो भिंतीवर स्वतंत्र लावला.

घरचे शब्द वर्गात घ्यावेत का, यावर शिक्षकखोलीत मतभेद झाले. एका सहकाऱ्याचं म्हणणं: “परीक्षेत आभाळ फाटलं लिहितील.” दुसरं मत असं की घरचा शब्द दाराबाहेर ठेवला तर पुस्तकातला शब्दही मुलाच्या आत जात नाही. तोडगा तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात सापडला. पहिला रकाना घरचा शब्द, दुसरा पुस्तकातला, आणि तिसरा: ‘दोन्ही कुठे जुळत नाहीत?’

सगळ्या उपक्रमातलं सर्वांत मोलाचं काम त्या तिसऱ्या रकान्यात झालं. दोन नोंदी पाहण्यासारख्या आहेत.

वळीव आणि आरोह पाऊस. मुलांच्या डोक्यात आरोह पाऊस म्हणजे विषुववृत्त, काँगोचं आणि ॲमेझॉनचं खोरं. एप्रिल-मे महिन्यात दिवसभर तापून दुपारनंतर गडगडाटासह कोसळणारा आपला वळीवही प्रामुख्याने त्याच तत्त्वाने पडतो, हे कळल्यावर काँगो एकदम जवळ आला. न जुळणारा भाग असा: तिकडे तो जवळजवळ रोज दुपारी पडतो, इकडे उन्हाळ्यात अधूनमधून.

दहिवर. घरी दहिवर म्हणजे दवच. “दहिवरानं पाय ओले झाले” असं मुलं म्हणतात. पुस्तकात मात्र तापमान शून्य अंशाखाली गेल्यावर जमिनीलगत जमणारे हिमकण म्हणजे दहिवर. इथे ठरवावं लागलं: घरचा अर्थ चूक म्हणायचा का? बाईंनी तसं म्हटलं नाही, आणि तो निर्णय योग्यच होता. घरी एका शब्दाने जे चालतं, ते भूगोलाला दोन ठिकाणी तोडावं लागतं, कारण शून्य अंशावर पाण्याची अवस्था बदलते. आजीचं दहिवर आजीच्या ठिकाणी खरं. उत्तरपत्रिकेत मात्र बर्फ झालं तरच दहिवर.

खेळ. चौथ्या तासाला ‘नाव न घेता ओळखवा’ खेळला. पत्त्यावर वर एक शब्द, खाली वापरायला बंदी असलेले तीन शब्द. सांद्रीभवनाखाली वाफ, पाणी, थंड यांना बंदी. वर्ग खूप रंगला आणि शब्दज्ञानाच्या दृष्टीने तास जवळजवळ वाया गेला. का, ते पाहू. ‘थंड’ला बंदी घातली म्हणजे सांद्रीभवनाच्या गाभ्यालाच बंदी घातली. मग मुलं सांगू लागली: “पाच अक्षरी, यादीत तिसरा, मगाशी बाईंनी वाचलेला.” ओळखणाराही लगेच ओळखे. खेळ जिंकला जात होता, पण अर्थाला कुणी हातही लावत नव्हतं. शिवाय सहा-सात तरबेज मुलं सोडली तर बाकीची प्रेक्षक.

पाचव्या तासाला नियम उलटा केला. पत्त्यावर शब्दाखाली बंदीचे नव्हे, सक्तीचे दोन शब्द लिहिले. सांद्रीभवन: ‘थंड’ आणि ‘बाष्प’ वापरलेच पाहिजेत. दवबिंदू: ‘तापमान’ आणि ‘संपृक्त’. पर्जन्यछाया: ‘डोंगर’ आणि ‘उतरते’. चारचे गट, प्रत्येकाकडे तीन पत्ते, पत्त्याला ४५ सेकंद, आणि सांगणारा दर पत्त्याला बदलणार. चारच्या गटात कुणालाच लपता येत नाही. गोंगाट तेवढाच झाला, पण फिरताना कानावर पडत होतं ते ‘कारण’ आणि ‘म्हणून’.

साखळी. शेवटच्या तासाला प्रत्येक गटाला नऊ चिठ्ठ्या दिल्या: समुद्रावर बाष्पीभवन, दमट वारे, डोंगराचा प्रतिरोध, हवा वर, हवा थंड, सांद्रीभवन, वृष्टी, हवा पलीकडे उतरते व तापते, पर्जन्यछाया. त्या जमिनीवर क्रमाने लावायच्या आणि दोन चिठ्ठ्यांमधली ‘का?’ तोंडी सांगायची. आठवी चिठ्ठी सगळ्यांना अडली. उतरणारी हवा तापते हे मुलांना पटेना. आकडे दिल्यावर पटलं: संपृक्त नसलेली हवा वर जाताना दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते आणि उतरताना तेवढीच तापते. तापली की तिची बाष्प धरायची क्षमता वाढते, सापेक्ष आर्द्रता घटते, ढग विरतात. मग नकाशावर महाबळेश्वर दाखवलं: उंची सुमारे १,४०० मीटर, पाऊस ६,००० मिलिमीटरच्या घरात. तिथून पूर्वेला सरकत बोट आपल्या तालुक्यावर आलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, “म्हंजी आपण डोंगराच्या सावलीत हाय, ढगाच्या न्हाई.”

चाचणी कशी बदलली

दहा गुण आणि वीस मिनिटं तीच. आतलं बदललं.

जोड्या ठेवल्या, पण फक्त २ गुणांना. डावीकडे चार शब्द, उजवीकडे सात अर्थ. त्यात एक अर्थ घरच्या समजुतीचा मुद्दाम घातला: ‘गवतावरचा पाण्याचा थेंब’. दवबिंदूपुढे तो लिहिणारी मुलं नेमकी कुठे अडली आहेत, हे लगेच दिसतं.

वेगळं ओळखा, कारणासह, २ गुण: पाऊस, गारा, दव, हिम. ‘दव’ एवढंच लिहिलं तर शून्य. दव आकाशातून पडत नाही, जमिनीलगतच्या थंड पृष्ठभागावर तिथेच जमतं, हे लिहिलं तर पूर्ण गुण. कुणी ‘हिम, कारण ते आपल्याकडे पडत नाही’ असं लिहिलं. कारण खरं आहे, म्हणून एक गुण दिला. या निर्णयावर वाद होऊ शकतो.

चूक की बरोबर, सुधारून लिहा, ३ गुण. तीन वाक्यं. उदाहरणार्थ, ‘वारे डोंगर चढतात म्हणून आरोह पाऊस पडतो.’

आणि शेवटचा ३ गुणांचा प्रश्न न शिकवलेल्या ठिकाणाचा: ‘लेहला वर्षाला साधारण १०० मिलिमीटरच पाऊस पडतो. का? बारापैकी कोणतेही दोन शब्द वापरा.’ इथे गुण देण्याची पट्टी आधी ठरवली नाही तर गोंधळ होतो. ‘लेह पर्जन्यछायेत आहे म्हणून पाऊस कमी पडतो’ हे उत्तर नीट वाटतं, पण त्यात कारण नाही; दुखण्याला नाव दिलं, एवढंच. त्याला १ गुण. कारणाची एक पायरी आली (‘हिमालय वारे अडवतो’) तर २. वाऱ्याच्या बाजूला सांद्रीभवन होऊन बाष्प कमी झालं आणि पलीकडे उतरताना हवा कोरडी झाली, अशी साखळी आली तर ३. दोन्ही शिक्षकांनी पहिल्या आठ पत्रिका वेगवेगळ्या तपासल्या. फरक पडला तिथे प्रत्येक गुणासाठी एक नमुना उत्तर बाजूला काढून ठेवलं आणि बाकीच्या पत्रिका त्याच्याशी ताडून तपासल्या. ४१ पत्रिकांना दीड तास लागला. जुन्या चाचणीला पंचवीस मिनिटं लागत.

‘सांद्रिभवन’, ‘पर्जन्यछ्याया’ अशा चुकांना गोल केला, गुण कापले नाहीत. अर्थ आणि लेखन एकाच गुणात मोजलं तर दोन्हींपैकी काय कच्चं आहे हे कळत नाही. शुद्धलेखनासाठी मराठीच्या तासाला हेच बारा शब्द श्रुतलेखनात घेतले.

परिणाम

जोड्यांचे गुण आधीपेक्षा कमी झाले. सात अर्थांमुळे ते व्हायचेच होते. पण पहिल्या पालकसभेत त्याचा खुलासा करावा लागला. लेहच्या प्रश्नाला निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना २ किंवा ३ गुण मिळाले. साधारण पाव वर्गाने नुसतं नाव देण्यापर्यंतच मजल मारली. आरोह आणि प्रतिरोध यांची गल्लत बरीच कमी झाली, संपली मात्र नाही. सर्वांत हट्टी शब्द ठरला दवबिंदू. तीन तास त्यावर काम करूनही दहा-बारा जणांच्या जोडीत तो गवतावरच राहिला.

पाच आठवड्यांनी, न सांगता, चार शब्दांची तोंडी तपासणी झाली. पर्जन्यछाया आणि सांद्रीभवन टिकले होते. ‘सापेक्ष आर्द्रता’ जवळजवळ पुसली गेली होती. कारण शोधणं अवघड नव्हतं: त्या शब्दाला घरचा जोडीदार मिळाला नव्हता, आणि खेळातही तो एकाच पत्त्यावर होता.

पुन्हा करायचं तर

आठवण करायला लावणं अधिक वेळा हवं होतं. कार्पिक आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला स्वाहिली-इंग्रजी शब्दजोड्यांचा प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. एकदा आलेल्या जोड्या पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, त्या पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावलेल्यांना आठवड्यानंतर दुपटीहून जास्त जोड्या आठवल्या. म्हणजे वही उघडून वाचण्यापेक्षा वही मिटून विचारणं. या वर्गात सहा तास भरगच्च झाले आणि मग पाच आठवडे काहीच नाही. त्याऐवजी पुढच्या प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला तीन मिनिटांत, वही मिटून, दोन जुने शब्द विचारले असते तर सापेक्ष आर्द्रता इतकी पुसली नसती.

खेळाचा पहिला तास वाचवता आला असता. कोणताही शब्दखेळ वर्गात नेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: अर्थ माहीत नसताना हा जिंकता येतो का? येत असेल तर नियम बदलायचा.

घरच्या शब्दांच्या कामात दोन मुलं मागे राहिली, ही खरी उणीव. एकाच्या घरी हिंदी बोलतात, दुसरीच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली. ‘घरचे शब्द’ म्हणताना सगळ्यांनी मराठीच गृहीत धरली, आणि ती दोघं कोऱ्या कागदानिशी आली. तक्त्याच्या पहिल्या रकान्यात कोणतीही भाषा चालेल, हे आधीच फळ्यावर लिहायला हवं होतं. नंतर त्या मुलीने आणलेले शब्द लावले, पण तोवर भिंत भरली होती आणि ते कोपऱ्यात गेले.

वेळेचा हिशेबही मांडायला हवा. सहा जादा तासिका प्रत्येक पाठाला मिळणार नाहीत. बाई आणि मराठीचे शिक्षक यांनी ठरवलं की दर पाठाला आठ ते दहाच कामाचे शब्द, फोडीला अर्धा तास, तिसऱ्या रकान्याला अर्धा तास, आणि चाचणीत एक नवं ठिकाण. साखळीच्या चिठ्ठ्या जिथे कार्यकारण लांब आहे तिथेच.

पुढचा पाठ ‘सागरजलाचे गुणधर्म’. समुद्र यांतल्या बहुतेकांनी पाहिलेला नाही, म्हणून घरचे शब्द मिळणार नाहीत असं वाटलं होतं. ‘क्षारता’ फळ्यावर लिहिताच मागच्या बाकावरून आवाज आला, “मचूळ. आमच्या हिरीचं पाणी.” तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं, त्यावर तासाची वीस मिनिटं गेली.